हिरव्या रंगाचे पाच हात

"इथे मात्र कधी रंग लावू नका हं," असं म्हणत दुकानदाराने चाकाच्या नटाच्या भोकात अंगठा घातला आणि गोल फिरवला. खरं तर आमचं बोलणं दुसऱ्याच गोष्टीवर चाललं होतं. काउंटरवर दोन चाकं आडवी ठेवलेली होती, एक सात इंच रुंदीचं आणि एक साडेसहा. सात इंचीवर टायर छान पसरून बसतो, वळणावर जमीन जास्त धरतो, पण ते चाक आमच्या छोट्या गाडीच्या कमानीतून बोटभर बाहेर डोकावणार आणि पूर्ण वळवलं की पत्र्याला घासणार, असं मी म्हणत होतो. तो मान डोलवत होता, आणि मधेच, कुठल्याही गिऱ्हाइकाला सांगायच्या चार गोष्टींपैकी एक म्हणून, त्याने ते सांगून टाकलं. "नट इथे बसतो. ही बैठक उघड्या धातूचीच पाहिजे. रंग असला तरी आवळताना कळत नाही. ठरलेला जोर लागला की पाना बरोबर टक् वाजतो, सगळं घट्ट लागतं. मग गाडी पळते, चाक तापतं, खालचा रंग दबतो, त्याचा भुगा होतो, आणि नट सैल. चाक मागून जिथे हबला, त्या आतल्या तबकडीला, टेकतं ना, तिथेसुद्धा रंगवणारे महाभाग भेटतात मला. घरी बसून, ब्रश घेऊन!" तो हसला. मीही हसलो. दुसरं काय करणार, कारण असा एक महाभाग त्या क्षणी त्याच्यासमोरच उभा होता, आणि हे त्या महाभागालाही आत्ताच कळत होतं.

वहिनींचा फोन आला तेव्हा मी अजून त्या भोकाकडेच बघत होतो. माझ्या वहिनी शाळेत गणित शिकवतात आणि सुट्टीच्या दिवशी हौशी लोकांच्या शर्यतीत गाडी पळवतात. दोन तासांच्या मधल्या पाच मिनिटांत त्यांनी फोन केला होता, मागे बाकं सरकल्याचे आवाज येत होते. "भाऊजी, दोन्ही काट्यावर ठेवलीत का?" ठेवली होती. रुंद चाक साडेआठ किलोचं, अरुंद सातचं. "मग विचार कसला करताय? हलकं घ्या. दीड किलो गुणिले चार, आणि तेही फिरणारं वजन. रुंदी फोटोत दिसते, वजन वळणावर दिसतं." मी म्हटलं, बरं. "आणि रंग तोच हवा मला. गडद हिरवा. गेल्या वर्षी त्या चाकांना सहाच फेऱ्या मिळाल्या बिचाऱ्यांना, पण अजून लोक विचारतात. रविवारपर्यंत होईल ना?" मी म्हटलं, होईल. फोन बंद झाल्यावर दुकानदार म्हणाला, हलकीच बांधू ना? मी म्हटलं, हो, हलकीच. चारी चाकं टॅक्सीच्या मागच्या सीटवर माझ्या शेजारी बसली आणि आम्ही पाचजण घरी निघालो.

घर म्हणजे दादाचं आणि वहिनींचं. मी तिथे मूळचा आठ दिवसांसाठी आलेला माणूस. आई गेली तेव्हा माझी भाड्याची खोली सोडायची वेळ आलीच होती. दादा म्हणाला, दुसरी मिळेपर्यंत आठ दिवस ये आमच्याकडे. नवव्या दिवशी सकाळी वहिनींनी न्हाणीघरातल्या कपाटाची एक फळी रिकामी केली आणि म्हणाल्या, "ही तुमची." त्याला आता अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत मला कुणी विचारलं नाही की बाबा, तू जाणार कधी, लग्न करणार की नाही, रविवारी अकरापर्यंत झोपतोस कसा. मला ताप आला तेव्हा त्या उशाशी बसून मुलांचे पेपर तपासत होत्या आणि दर दहा पेपरांनी माझ्या कपाळाला हात लावत होत्या. मी त्या फळीवर माझा वस्तरा ठेवतो, साबण ठेवतो, आणि रोज सकाळी ती फळी बघून मला मनातून फार बरं वाटतं. पण सांगायचं कसं? आमच्या कुटुंबात आभार मानायची सवयच नाही. दादाला कुणी 'थँक्यू' म्हटलं तर तो संशयाने बघतो. मग वहिनींनी वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी जुनी गाडी घेऊन त्या शर्यतींचं खूळ डोक्यात घेतलं आणि दादाने "मला ते बघवणार नाही" म्हणून हात वर केले, तेव्हा मला वाटलं, चला, आपल्या कामाची जागा सापडली. चाकं मी बघीन.

मला त्यातलं काही येत नव्हतं. मी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतो. पाव नंबरचा फरक मला बोटांना कळतो, फ्रेमचा कान अर्ध्या केसाने वर असला तर गिऱ्हाईक आरशात बघायच्या आधी मला दिसतो. या गोष्टीचा मला जरा जास्तच अभिमान आहे, दुकानात सगळे त्यावरून मला चिडवतात. चाकांचं सगळं शिकवलं ते वस्तादांनी. वस्ताद म्हणजे त्या शर्यतीच्या मैदानावरचे जुने मेकॅनिक, साठीच्या बरेच पुढचे, कायम एक डोळा बारीक करून बोलणारे. मला ते 'भिंगवाले' म्हणायचे. गाडी चार फेऱ्या मारून आत आली की टायर गरम असतानाच त्याच्या रबरात सुई टोचून ताप बघायचा, तीन ठिकाणी: आतल्या कडेला, मधे, बाहेरच्या कडेला. मधला आकडा जास्त, तर हवा जास्त. दोन्ही कडा जास्त, तर हवा कमी. नुसती बाहेरची कडा तापली, तर चाकाचं डोकं आणखी आत झुकवायला हवं, कारण वळणावर ते बाहेर लवंडतंय. "टायर खोटं बोलत नाही, भिंगवाले. पण त्याला तीनदा विचारावं लागतं," ते म्हणायचे. मला हे इतकं आवडलं की मी दुकानात म्हाताऱ्या गिऱ्हाइकांनाही तीन-तीनदा विचारायला लागलो, दिसतंय का, आता दिसतंय का, आणि आता?

आणि मग गेल्या वर्षी मला ती अवदसा आठवली. वहिनींच्या वाढदिवसाला काय द्यावं हे मला कधीच सुचत नाही. त्यांना गडद हिरवा रंग आवडतो, दारंखिडक्याही त्यांनी त्याच रंगाच्या करून घेतल्या आहेत. मी गाडीची चारही चाकं काढून गॅलरीत आणली आणि तीन आठवडे त्यांना रंगाचे पाच हात दिले. प्रत्येक हातानंतर पाण्यात भिजवलेल्या कागदाने घासायचं, वाळू द्यायचं, पुन्हा हात. नटांच्या भोकांत मोठा ब्रश जात नव्हता, म्हणून दुकानातून फ्रेम रंगवायचा सगळ्यात बारीक ब्रश आणला आणि प्रत्येक भोकाच्या आत, पार तळाच्या उतारापर्यंत, तो फिरवला. सोळा भोकं, पाच हात. चाक पालथं करून मागची बाजूही. जिथे कुणाची नजर कधी जाणार नाही तिथेही काम चोख पाहिजे, असं स्वतःशी म्हणत मी ते केलं, आणि म्हणताना मला वहिनींची ती रिकामी केलेली फळी आठवत होती. टॅक्सीत बसून हे आठवताना मी खिडकीची काच खाली करून तोंड बाहेर काढलं. ड्रायव्हरने आरशातून विचारलं, "साहेब, गाडी बाजूला घेऊ का?" मी म्हटलं, नको, चालू द्या.

चाकं गाडीला चढवली त्या सरावाच्या दिवशी नट आवळले वस्तादांनी. मी शेजारी उभा होतो. त्यांनी पहिलं चाक हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, माझ्याकडे बघितलं, परत चाकाकडे बघितलं आणि म्हणाले, "फार मेहनत घेतलीस रे." मग पाना लावला, टक्, टक्, टक्, टक्. वहिनी हेल्मेट घालता घालता थांबून चाकांकडे बघत राहिल्या आणि त्यांनी माझ्या पाठीवर एक थाप मारली. मग मी धावत लांबच्या डाव्या वळणापाशी गेलो, कारण मला ती चाकं हिरवी फिरताना बघायची होती. सहाव्या फेरीला पुढचं उजवं चाक गाडीच्या आधी वळणातून बाहेर आलं. एकटंच, निवांत, माझ्या दिशेने. मला आधी काही कळलंच नाही. मला वाटलं, किती सुंदर दिसतंय. मागून गाडी आली, नाक जमिनीवर घासत, आणि रचून ठेवलेल्या जुन्या टायरांच्या भिंतीत घुसली. वहिनी स्वतःच्या पायांनी बाहेर आल्या, पण उजवं मनगट डाव्या हातात धरून. मोडलं होतं. चार महिने त्यांनी फळ्यावर डाव्या हाताने गणितं लिहिली आणि मुलांनी त्यांच्या आठाच्या आकड्याला टोपणनाव ठेवलं.

मैदानावर नियम बघणारे गृहस्थ आले, त्यांनी गोल जमलेल्या लोकांसमोर विचारलं, नट कुणी आवळले होते? वस्ताद म्हणाले, "मी. माझ्याकडून राहिले असतील सैल." झालं. तेवढंच. दुसऱ्या कुठल्या कारणाकडे कुणी बघितलंच नाही, मीही नाही. घरी दादा म्हणाला, "त्या माणसाचं वय झालंय. आपल्या गाडीला त्याचा हात लागता कामा नये," आणि मी मान हलवली. मैदानावरच्या बाकीच्यांनीही हळूहळू वस्तादांना बोलावणं बंद केलं, कुणी भांडून नाही, सभ्यपणे. पाना आधीच दुसऱ्याच्या हातात द्यायचा, की झालं. चाळीस वर्षं ज्याने लोकांची चाकं जागच्या जागी ठेवली, तो माणूस दोन शर्यतींनंतर यायचाच थांबला. माझ्या त्या मान हलवण्याची मला आता लाज वाटत होती. तेव्हा लाज सोडाच, ती हलली हेसुद्धा लक्षात आलं नव्हतं.

घरी कुणी नव्हतं. खाली गाड्या लावतात तिथल्या अडगळीच्या खोलीत जुनी चाकं पडली होती, तीन धड आणि एक वाकलेलं. मी दुकानातलं डोळ्याला लावायचं भिंग घेऊन खाली बसलो आणि सोळाही भोकं एकेक करून बघितली. धड चाकांच्या प्रत्येक भोकाच्या तळाशी रंग चेपून बांगडीसारखा गोल तडकला होता, आणि नखाने टोकरलं की हिरवी पूड पडत होती. वाकलेल्या चाकाच्या भोकांत तर रंग उरलाच नव्हता, नुसती घासून लांबट झालेली धातूची कड. अकरा महिने हे इथे, माझ्या खोलीच्या दोन मजले खाली पडलेलं होतं. पाव नंबर ओळखणारा माणूस! मी तिथेच जमिनीवर बसून राहिलो. आणि खरं सांगायचं तर तेव्हाच दुसराही विचार आला, अगदी शहाणा, अगदी गुळगुळीत: नवीन चाकांना रंग लावायचा, भोकांवर आधी चिकटपट्टी लावायची, बैठक उघडी ठेवायची. वहिनींना हिरवी चाकं मिळतील, चाक सुटणार नाही, आणि कुणाला काही कळणार नाही. त्यात कुणाचं काय वाईट होतं? वस्तादांचं जे व्हायचं ते होऊन गेलंच होतं. हा विचार मी जवळजवळ पंधरा मिनिटं बाळगला. मला ज्या घरात फळी मिळाली ते घर मला सोडायचं नव्हतं, हे त्याच्या मुळाशी होतं. ज्या बाईचं मनगट मी मोडलं, तिच्याच न्हाणीघरात मी दाढी करत होतो, हे एकदा सांगितल्यावर ती फळी माझी राहील का?

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानातून लवकर निघून मी वस्तादांना शोधायला गेलो. ते एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात काम करतात असं कळलं होतं. खरंच होते. लांबच लांब खोली, ओळीने उलट्या ठेवलेल्या स्ट्रेचरगाड्या आणि चाकांच्या खुर्च्या, आणि मधे स्टुलावर वस्ताद, एका छोट्या चाकात गुंतलेले केस चिमट्याने काढत. "भिंगवाले!" ते म्हणाले, आणि चेहरा इतका खुलला की मला तोंड वर करवेना. "बस. ही बघ, ही गाडी डावीकडे ओढते. पेशंट भिंतीवर जातो. टायर छोटा असो की मोठा, दुखणं तेच." मी बसलो आणि एका दमात सगळं बोललो: दुकानदार, अंगठा, हिरवी पूड. त्यांचं केस काढणं थांबलं नाही.

"माहितीय मला," ते म्हणाले.

"त्याच दिवशी कळलं तुम्हाला?"

"त्या दिवशी नाही रे. त्याच्या आधी. आवळायच्या आधी. तू चाक माझ्या हातात दिलंस तेव्हाच दिसलं, भोकात रंग आहे म्हणून. आंधळा आहे का मी? खरवडायला दहा मिनिटं लागली असती."

"मग?"

वस्तादांनी चिमटा खाली ठेवला. "मग काय? तू शेजारी उभा होतास. असा चेहरा करून. पहिलं बाळ दाखवायला आणतात ना लोक, तसा. त्या रंगावर माझ्याच्याने पटाशी चालवेना. म्हटलं, आत्ता राहू दे, दोन फेऱ्या झाल्या की गाडी आत येईलच, तेव्हा परत आवळू, संध्याकाळी ह्याला बाजूला घेऊन नीट सांगू. ते परत आवळणं राहिलं. म्हणजे चूक कुणाची झाली? नटाला तुझा चेहरा कळतो होय? मला कळायला हवं होतं की नटाला कळत नाही."

"पण तुम्ही सांगायचं तरी! लोकांनी तुम्हाला..."

"लोकांनी काय? काम आहे माझ्याकडे," असं म्हणून त्यांनी हाताने ती उलट्या गाड्यांची रांग दाखवली. "आणि तुझी वहिनी प्लास्टर बांधून बसलेली असताना मी तुझ्याकडे बोट दाखवू? तू घरातला माणूस. मी काय, संध्याकाळी आपल्या घरी जाणारा." मग आवाज खाली आणून: "मैदानाची आठवण येते, ते खोटं नाही सांगत." त्यांनी मला चहा पाजला. चहा पिताना मला रडू आलं आणि ते दुसरीकडे बघत राहिले. इतकं न मागता कुणी माझ्यासाठी केलं होतं, आणि मला पत्ताही नव्हता. अकरा महिने मी त्या माणसाच्या जिवावर घरातला माणूस म्हणून मिरवत होतो. वर येऊन रस्त्याला लागल्यावर माझ्या लक्षात आलं की सांगायचं की नाही हा प्रश्न आता उरलाच नव्हता, आणि याचंही श्रेय माझं नव्हतं.

शनिवारी सकाळी सरावासाठी मैदान उघडं असतं. मी नवीन चाकं तशीच, चंदेरी, गाडीला चढवली होती. वहिनींनी बघितलं, भुवया उंचावल्या, पण "वाळला नसता का?" एवढंच विचारून त्या गाडीत बसल्या. हवा मी थंड असतानाच पुढे सव्वीस आणि मागे चोवीस पाउंड ठेवली होती, तापल्यावर ती सहा-सात चढते म्हणून. टायरच्या खांद्यावर खडूच्या रेघा मारल्या, वळणावर टायर किती लवंडतो ते त्या पुसलेल्या रेघांवरून कळतं. गाडी गेली. तो आवाज मी वर्षभराने ऐकत होतो. बरोबर दोन फेऱ्या झाल्या आणि वहिनी आत आल्या. मी बोलावलं नव्हतं. खिडकी खाली करून म्हणाल्या, "नट बघा." मी पुन्हा पाना लावला. एकही नट हलला नाही. त्या माझ्या हाताकडे टक लावून बघत होत्या, मग पुन्हा गेल्या. चार फेऱ्यांनी आल्या तेव्हा मी सुई टोचली: पुढचं उजवं, आत सत्तर, मधे सत्तर, बाहेर ब्याऐंशी. रेघ पार खालपर्यंत पुसलेली. चाकाचं डोकं आत घ्यायला हवं होतं. मी वरचे बोल्ट ढिले करून ते अर्धा अंश आत घेतलं, बोल्ट परत आवळले, वहीत लिहिलं, उभा राहिलो, आणि हातातली वही मिटायच्या आधी म्हणालो, "वहिनी, गेल्या वर्षी ते चाक सुटलं ते माझ्यामुळे."

त्या टायरांच्या ढिगावर हेल्मेट मांडीत घेऊन बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. वाढदिवस, बारीक ब्रश, दुकानदार, हॉस्पिटलचं तळघर. फळीचंसुद्धा सांगितलं, आता लपवून काय करायचं होतं. म्हटलं, मला तुमचे आभार मानायचे होते, ते असे मानून बसलो. म्हटलं, तुम्ही सांगाल त्या दिवशी मी खोली बघेन. त्या माझं मधलं काहीच ऐकत नसल्यासारख्या बघत होत्या.

"वस्ताद काय म्हणाले? नीट सांगा. त्यांचे शब्द सांगा."

"म्हणाले, रंग दिसत होता, खरवडायला हवा होता, पण मी इतक्या हौसेने उभा होतो..."

"पुढे?"

"म्हणाले, दोन फेऱ्यांनी गाडी आत आली की परत आवळायचे होते. ते राहिलं."

"राहिलं?" वहिनी उठून उभ्या राहिल्या. "राहिलं असंच म्हणाले? आणखी काही नाही?"

"नाही."

"राहिलं नव्हतं हो, भाऊजी." त्यांचा आवाज शाळेतला नव्हता. "ते कठड्यावर पाटी धरून उभे होते. 'आत ये' लिहिलेली. दुसऱ्या फेरीला मी ती पाहिली. तिसऱ्या फेरीला पाहिली. चौथ्या फेरीला ते ती डोक्यावर धरून हलवत होते. म्हातारा माणूस, दोन्ही हात वर करून. मी पाहिली आणि प्रत्येक वेळी मनात म्हटलं, एकच फेरी अजून. गाडी इतकी सुरेख चालली होती, तुम्हाला काय सांगू, मला आत यावंसंच वाटेना. आणि नंतर ते म्हणाले, माझ्याकडून राहिले असतील सैल, आणि मी मनगट धरून उभी होते, आणि मी गप्प बसले. मला वाटलं, दुखतंय म्हणून गप्प आहे. हाताला प्लास्टर असलं ना, की कुणी काही विचारत नाही, सगळे सफरचंदं आणून देतात. प्लास्टर निघालं तोवर उशीर झाला होता. रोज उशीर होत गेला." मी टायरांच्या ढिगावर बसलो. त्या माझ्या शेजारी बसल्या. आम्ही दोघं समोरच्या रिकाम्या कठड्याकडे बघत बसलो, दोघंही एकाच माणसाच्या पाठीमागे वर्षभर लपलेले, एकमेकांना न दिसता. मग त्या म्हणाल्या, "खोलीबिली बघायचं नाव काढलंत तर याद राखा," आणि डोळे पुसून उठल्या. इतकं कृतज्ञ मी आयुष्यात कुणाचं झालो नसेन, आणि इतकी शरमही मला कधी वाटली नव्हती. दोन्ही एकाच वेळी मावतात हे मला ठाऊक नव्हतं.

दादाला त्यांनी स्वयंपाकघराचं दार लावून काय सांगितलं ते मला माहीत नाही. पण रविवारी सकाळी वस्तादांना आणायला तोच गेला, जो मैदानावर कधी पाऊल ठेवत नाही, आणि त्यांच्यासाठी गाडीचं दार त्याने स्वतः उघडलं. वस्ताद धुतलेला शर्ट घालून आले होते आणि कुणाकडे बघावं ते त्यांना कळत नव्हतं. शर्यतीआधी सगळ्यांना गोल उभं करून नियम वाचतात. वाचून झाल्यावर नियमवाल्या गृहस्थांनी नेहमीप्रमाणे विचारलं, कुणाला काही सांगायचंय? वहिनींनी वर्गात मुलं करतात तसा हात वर केला. पाटीचं सांगितलं, तीन वेळांचं, काही न गाळता. मग मी रंगाचं सांगितलं. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता म्हणून मला ते पुन्हा, मोठ्याने सांगावं लागलं. गर्दीतले एक जनावरांचे डॉक्टर, ज्यांनी सगळ्यात आधी वस्तादांना बोलावणं बंद केलं होतं, ते आपल्या बुटांकडे बघत होते.

"झालं दोघांचं?" वस्ताद मागून म्हणाले. ते चिडले होते, खरोखर चिडले होते, मान लाल झाली होती. "तिने पाटी पाहिली, ते तिचं. ह्याने रंग लावला, ते ह्याचं. पण पाना माझ्या हातात होता, आणि रंग मला दिसत होता. ती चूक माझी आहे. चाळीस वर्षांत केलेली एकच. ती तुम्ही दोघांनी मिळून पळवायची नाही, सांगून ठेवतो." कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, आणि दादाने चष्मा काढून पुसायला घेतला. वस्ताद तोवर आमच्या गाडीपाशी पोचले होते. "ही कुणी उभी केली अशी? उजवी बाजू उन्हात तापतेय. आत्ता हवा मोजाल तर दोन पाउंड जास्त दाखवेल, तुम्ही शहाणे ती काढून टाकाल, आणि मग उजवं चाक प्रत्येक वळणावर रडेल. ढकला सावलीत." चारपाच जणांनी गाडी ढकलली, त्यात ते डॉक्टरही होते. वस्ताद पुढच्या उजव्या चाकापाशी गुडघे टेकून बसले, नट आवळले, मग हवेचं मीटर माझ्या हातात देऊन वही स्वतःकडे घेतली. डॉक्टर अजून तिथेच घुटमळत होते. शेवटी म्हणाले, "वस्ताद, माझ्या गाडीचे नट बघाल का? माझी पाळी दुसरी आहे."

वस्तादांनी मान वर केली नाही. "आधी हिचं होऊ दे," ते म्हणाले. मग मला म्हणाले, "वाच रे आकडा." मी मीटर लावलं आणि आकडा चुकीचा वाचला, पुन्हा वाचला आणि पुन्हा चुकला, आणि वस्ताद पेन्सिल धरून मला नीट दिसेपर्यंत थांबून राहिले.